शेळीच्या नजरेतील आपला चेहरा

राहुरी परिसरातील अल्पभूधारक कुटुंबांचा आधार असलेली संगमनेरी शेळी दूध आणि मांस या दुहेरी उपयोगासाठी प्रसिद्ध असून, येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात तिच्यावर संशोधन होत आले आहे. सुबाभळीचा पाला घेऊन येणारी घरची पोर दिसताच दावे ताणून पुढे होणारी, आणि लस टोचणाऱ्याची चाहूल लागताच गोठ्याच्या कोपऱ्यात अंग चोरणारी ही शेळी माणसाच्या मुखावरील भावही वाचते काय, हा प्रश्न जिज्ञासेस पात्र आहे. कारण पाल्याचा वास आणि पावलांचा आवाज एवढ्यावरही तिला माणसाचा उद्देश उमगू शकतो.

चेहरा तेवढा निराळा काढून पाहण्याची तजवीज लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, केंट परगण्यातील एका आश्रयस्थानातील २० शेळ्यांपुढे अपरिचित माणसाची दोन कृष्णधवल छायाचित्रे, एक सस्मित व दुसरे क्रुद्ध, शेजारी शेजारी लावली असता शेळ्या प्राधान्याने सस्मित मुद्रेकडे वळल्या आणि तिला नाक लावून अधिक वेळ रेंगाळल्या. हा कल हसरे चित्र उजवीकडे असतानाच स्पष्ट दिसला. त्यावरून सुखद भावांचा बोध मेंदूच्या डाव्या भागात होत असावा, असा तर्क संशोधकांनी केला.

अशी जाण कुत्र्यांत त्याआधीच आढळली होती. २०१५ साली व्हिएन्नातील संशोधकांनी कुत्र्यांना चेहऱ्याचा केवळ वरचा किंवा खालचा अर्धा भाग दाखवून हसरी व रागीट मुद्रा ओळखण्यास शिकविले, आणि प्रशिक्षणात न दाखविलेल्या अर्ध्या भागावरूनही कुत्र्यांनी भाव ओळखला. तेव्हा दातांच्या चमकेवर सारे अवलंबून नव्हते, याची खातरजमा झाली. कुत्र्याची ही जाण हजारो वर्षांच्या सहवासाचे फळ म्हणावे, तर दुधामांसासाठी पाळलेल्या शेळीतही ती आढळते, हे विशेष विचारणीय आहे.

माणसाच्या दुःखाचे वा क्रोधाचे कारण शेळीला कळते, असा दावा यातून सिद्ध होत नाही. तथापि परक्याच्या निर्जीव चित्रावरूनही जी निवड करते, तिला रोज धार काढणाऱ्याच्या कपाळावरची आठी दिसत नसेल, असे मानणे धाडसाचे ठरेल. म्हणून चारा, पाणी व वेळेवर लसीकरण यांच्या जोडीला गोठ्यात शिरणाऱ्याची प्रसन्न मुद्रा हाही शेळीपालनाचा नियम मानावा, आणि नवशिक्यास तो पहिल्याच दिवशी सांगावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.