आतड्यातला स्टेंट : गाठ अडवते, जाळी वाट काढते

स्टेंट म्हटलं की आपल्याला हृदयच आठवतं. पण मोठ्या आतड्यातही स्टेंट बसवतात, आणि मी डॉक्टर नसलो तरी इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन जास्त भारी वाटतं.

आधी प्रॉब्लेम बघू. कॅन्सरची गाठ वाढत जाऊन कधी कधी आतड्याची वाटच बंद करते. पोट फुगतं, शौच आणि गॅस थांबतो, उलट्या होतात. ही इमर्जन्सी आहे. घरी जुलाबाचं औषध घेत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. उशीर झाला तर आतडं फुटू शकतं. घाईत केलेल्या ऑपरेशनचा धोका जास्त असतो, आणि बऱ्याचदा शौचासाठी पोटावर पिशवी लावावी लागते.

स्टेंट इथे वेळ मिळवून देतो. कोलोनोस्कोप आत नेऊन, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, डॉक्टर गाठीतून एक बारीक तार पलीकडे सरकवतात. तिच्यावरून साधारण 3 मिलिमीटर जाडीची नळी जाते. तिच्यात दाबून ठेवलेली धातूची जाळी असते. नळी मागे ओढली की जाळी आपोआप उघडू लागते आणि एक-दोन दिवसांत 20 ते 25 मिलिमीटरपर्यंत फुलते. हृदयातल्या स्टेंटसारखा फुगा लागत नाही.

ही कमाल निटिनॉलची. निकेल आणि टायटॅनियमचा हा मिश्रधातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला. कितीही दाबा, सोडला की शरीराच्या तापमानाला मूळ आकारात येतो.

मग सगळ्यांनाच का बसवत नाहीत? कारण जाळीच्या दाबाने आतडं फाटू शकतं, आणि फाटलं तर कॅन्सरच्या पेशी पोटात पसरण्याची भीती असते. नेदरलँड्समधली एक चाचणी स्टेंटच्या गटात त्रास जास्त दिसल्याने मधेच थांबवली; तिचे निष्कर्ष 2011 मध्ये आले. 2014 च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांनी ऑपरेशनआधी सरसकट स्टेंट नको म्हटलं. पुढे ब्रिटनमधल्या क्रेस्ट चाचणीत स्टेंटमुळे पिशवी लागण्याचं प्रमाण कमी झालं आणि कॅन्सर परतण्यात मोठा फरक दिसला नाही. 2020 च्या सूचनांत पेशंटशी चर्चा करून निवडायचा पर्याय म्हणून स्टेंटला जागा मिळाली.

कॅन्सर पसरलेला असेल आणि ऑपरेशनने बरा होणार नसेल, तर स्टेंटचा उपयोग जास्त स्पष्ट आहे : पेशंट लवकर खाऊ लागतो, घरी जातो. मात्र काही महिन्यांत गाठ जाळीतून वाढून वाट पुन्हा बंद करू शकते. म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा, हा स्टेंट ऑपरेशनपर्यंतचा की कायमचा, आणि तो बसवणाऱ्या टीमला याचा अनुभव किती?