दुपारी झोपणारं यंत्र

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. विषय आहे फ्रिक्वेन्सी ऑफसेट.

सांगोल्याजवळ माझ्या मामांची डाळिंबाची बाग आहे. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर बसवला. तो ८६५ मेगाहर्ट्झवर आकडे पाठवायचा आणि ते बघून मामा ड्रिप सुरू करायचे. सकाळी सगळं व्यवस्थित, बारा वाजले की आकडे बंद. मामा म्हणाले, "तुझं यंत्र दुपारी झोपतंय रे. मी पाणी कशाच्या भरवशावर सोडू?" दोन रविवार मी अँटेनाच बदलत बसलो. फरक शून्य.

मग लॅपटॉपला आरटीएल-एसडीआर डोंगल लावलं. आधी वीस मिनिटं नुसतं चालू ठेवलं, कारण तापेपर्यंत तेही सरकतं. स्क्रीनवर बघतो तर दुपारीही सिग्नल तितकाच ठळक! फक्त जागेवर नव्हता. सकाळपेक्षा ११ किलोहर्ट्झ सरकला होता.

असं का होतं? पाठवणारा आणि घेणारा, दोघांकडे आपापला क्रिस्टल असतो. म्हणजे दोन घरांतली दोन घड्याळं समजा. चूक मोजतात पीपीएममध्ये, दहा लाखांत किती. १ पीपीएम म्हणजे घड्याळाला महिन्याला जेमतेम अडीच सेकंद. पण ८६५ मेगाहर्ट्झवर तेच ८६५ हर्ट्झ होतात. उन्हात डबा तापला, क्रिस्टल १३ पीपीएमच्या आसपास हलला, झाले ११ किलोहर्ट्झ. सकाळी मुळातच ६ चा फरक होता, एकूण १७. माझा फिल्टर दोन्ही बाजूंना १२ पर्यंतच उघडा. सिग्नल दाराबाहेर उभा!

फिल्टर रुंद केला तर गोंगाटही आत येतो आणि पल्ला घटतो. त्यापेक्षा ऑफसेट मोजून वजा करावा. प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला एक-शून्य-एक-शून्य अशी ठरलेली ओळ असते, तिला प्रीॲम्बल म्हणतात. तिची सरासरी फ्रिक्वेन्सी शून्यावर यायला हवी. जितकी बाजूला येते तितका ऑफसेट. म्हणून घरचा रिसीव्हर काढून तिथे डोंगलच ठेवलं आणि हे कोडमध्ये केलं. दुपारचे आकडे यायला लागले.

पण वजा करून तो आकडा फेकून द्यायचा का? १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने त्याचा क्षीण सिग्नल पकडला होता. यानाचा वेग बदलला की डॉप्लरमुळे फ्रिक्वेन्सी सरकते, आणि त्या सरकण्यातूनच उतरणं कळत होतं. जमिनीला टेकण्याच्या थोडं आधी सिग्नल थांबला. यान आदळलं होतं. तिथल्या ४५ मीटरच्या तीसही डिशना संदर्भ फ्रिक्वेन्सी एकाच केंद्रातून फायबरने जाते. म्हणून कुठली डिश सरकली, हा गोंधळ होत नाही.

मग मीही ऑफसेटचा आलेख काढला. मामांनी एक नजर टाकली. "दुपारी कसा चढलाय बघ. अरे, डबा उन्हात ठेवलायस, दुसरं काय!" सेन्सर डाळिंबाच्या सावलीत हलवला. आता दिवसभरात ४ किलोहर्ट्झच सरकतो.

तुमचा सिग्नल सरकत असेल तर दुरुस्त जरूर करा, पण आधी तो आकडा कुठेतरी लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात.