'पोरं वर्गात नुसती खेळतात' म्हणण्याआधी...

शाळेच्या गेटवर हमखास ऐकू येणारी एक तक्रार आहे. "नवीन सर आल्यापासून वह्या कोऱ्याच. पोरं गटानं बसतात, खडे मोजतात, गप्पा मारतात. मग शिकतात कधी?" तक्रार करणाऱ्या अम्मीची काळजी खोटी नाही. पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवणाऱ्या घराला वर्ष वाया गेलेलं परवडत नाही. पण वही भरली म्हणजे मूल शिकलं, हे आपण कशावरून ठरवलं?

एक साधी परीक्षा घरीच करून बघा. शेकडेवारीची गणितं पुस्तकातून धडाधड सोडवणाऱ्या मुलाला विचारा, "चाळीस हजारांवर जकात किती?" बरीच मुलं अडखळतात. सूत्र पाठ असतं, पण त्याचा अर्थ कधी हाताला लागलेला नसतो. तेच गणित शिक्षक वेगळ्या पद्धतीने शिकवू शकतात. चाळीस खडे द्यायचे आणि त्यातला एक बाजूला काढायला सांगायचं. शंभर खड्यांचं काय होईल, हे मुलांनीच शोधायचं. अडीच टक्के म्हणजे चाळिसावा हिस्सा, हे मूल स्वतः शोधून काढतं. मग चाळीस हजारांवर एक हजार, हे उत्तर आपोआप येतं आणि ते विसरत नाही.

यालाच विद्यार्थीकेंद्री शिक्षण म्हणतात. महाराष्ट्रात 'ज्ञानरचनावाद' हा शब्दही तुमच्या कानावर आला असेल. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे. मूल म्हणजे रिकामा माठ नव्हे. त्याला आधीपासून बरंच काही माहीत असतं आणि त्याच्याशी जोडूनच ते नवीन शिकतं.

आपल्या घरात तर अशी साधनं भरपूर आहेत. चांदचंच घ्या. महिना कधी २९ चा, कधी ३० चा का होतो? मुलांना महिनाभर रोज चंद्र बघून त्याचं चित्र काढायला सांगा. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असतं, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. 'दादींच्या लहानपणी रमजान कोणत्या ऋतूत यायचा?' हे मुलांनी दादींना विचारून यायचं आणि वर्गात हिशेब करून ताडून बघायचं. भूगोल, गणित, भाषा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलणं, सगळं एकाच धड्यात होतं.

हे काही परदेशी फॅड नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड इथे आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला 'कुरणशाळा' म्हणतात. मुलांना दोष न देता त्यांनी शाळा बदलली.

आणि आता तर हा मुलांचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि बालस्नेही पद्धतीने शिकणं, मुलाला भीतीपासून मुक्त ठेवणं आणि शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवणं या गोष्टी आहेत. कलम १७ नुसार मारहाण आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. "हाड आमचं, मांस तुमचं" असं शिक्षकांना सांगण्याचे दिवस गेले.

भाषेचा मुद्दा आपल्यासाठी खास महत्त्वाचा. घरी दखनी किंवा उर्दू, शाळेत मराठी, अशी कितीतरी मुलं आहेत. चुकलो तर सगळे हसतील, या भीतीनं ती गप्प बसतात आणि शिक्षकांना वाटतं की 'ढ' आहेत. गटात बसून आधी आपल्या बोलीत विचार मांडू दिला, तर हीच मुलं पुढे मराठीतही मोकळी होतात. वर्षानुवर्षं गप्प राहिलेलं मूल आठवी-नववीत शाळेला कंटाळतं आणि एक दिवस गॅरेजवर नाहीतर दुकानावर दिसतं.

अर्थात, पाढे पाठ हवेतच, अक्षरही सुधारायला हवं. प्रत्येक खेळ म्हणजे शिक्षण नव्हे. त्यामागे शिक्षकांची तयारी लागते आणि मूल काय शिकलं, हे तपासावं लागतं. म्हणून पालकांनी जरूर विचारावं, पण प्रश्न बदलून. "वही कोरी का?" ऐवजी "या आठवड्यात माझ्या मुलाला काय नवीन जमलं, आणि कुठे अडतंय?" असं विचारा.

जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या शाळांत, उर्दू शाळा धरून, शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानुसार तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि ५० टक्के महिला हव्यात. ही जागा केवळ सहीपुरती ठेवू नका. अम्मींनी बैठकीला जावं, बोलावं.

आणि आज संध्याकाळी मूल घरी आलं की "किती मार्क मिळाले?" विचारण्याआधी एवढंच विचारा, "आज तू वर्गात कोणता प्रश्न विचारलास?" उत्तर 'एकही नाही' असेल, तर शाळेत जाऊन बोलायला हवं.