नलिकांतर्गत जलतापक (मत्स्यालय)

नलिकांतर्गत जलतापक किंवा इनलाइन हीटर हे मत्स्यालयाच्या टाकीबाहेर, फिल्टरच्या नळीमार्गात बसवून पाणी तापवणारे उपकरण होय. उष्णकटिबंधीय माशांच्या बहुतेक जातींना सुमारे २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. लहान टाकीतील जागा वाचवण्यासाठी काही हौशी मत्स्यपालक हा तापक घरी तयार करतात.

रचना

पीव्हीसी नळाच्या उभ्या तुकड्यात काचेचा बुडीत तापक बसवला जातो. वरच्या टोकाला रबरी वॉशर असलेली ग्लँड आवळून फट बंद करतात. फिल्टरमधून आलेले पाणी खालून शिरते व वरच्या टी-जोडातून टाकीत परतते. त्यामुळे हवेचे बुडबुडे सहज निघून जातात. तांबे कोळंबी व गोगलगायींना विषारी असल्याने तांब्याचे भाग टाळले जातात.

क्षमता

ढोबळमानाने प्रतिलिटर १ वॅट क्षमता धरली जाते. ५० लिटर पाणी १ अंशाने तापवण्यास सुमारे २०९ किलोज्यूल उष्णता लागते. उष्णता वाया न गेल्यास ५० वॅटच्या तापकाला त्यासाठी सुमारे ७० मिनिटे लागतात.

सुरक्षितता

पंप बंद पडल्यास नळातील पाणी साचून राहते. ते पाव लिटर असल्यास तोच तापक ते दर २१ सेकंदांना सुमारे १ अंशाने तापवतो. तापनियंत्रकाचा संवेदक टाकीत असल्यास त्याला ही वाढ कळत नाही. तापक चालूच राहतो आणि पीव्हीसी मऊ होऊन जोड निखळू शकतात. म्हणून प्रवाह थांबताच वीज तोडणारा फ्लो स्विच आणि विजेच्या धक्क्यापासून संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आवश्यक ठरतो.