चाकाखालचा स्फटिक

साताऱ्याहून कराड, पेठ नाक्याकडे जाणारा महामार्ग रात्रीही निजत नाही. गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची त्यात भर. एवढं वजन रोज डांबर दाबतंय, तर त्यातून वीज का काढू नये? संपादकांनी हा प्रश्न पुढ्यात ठेवला आणि मी आधी घरातला गॅसचा लायटर खोलला.

खटका दाबला की आतली स्प्रिंग दबते, मग सुटते, आणि इवलीशी हातोडी सिरॅमिकच्या बोटाच्या पेराएवढ्या ठोकळ्यावर आपटते. हजारो व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी उडते. ना सेल, ना वायर! दाबाने स्फटिकात विद्युतभार उमटतो, हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. लायटरमधला पदार्थ शिसं, झिर्कोनियम आणि टायटेनियमचा. भाजल्यानंतर त्याला जबर विद्युतदाब देऊन त्याचं अंतरंग एका दिशेला वळवावं लागतं. ते एकदा जमलं की वर्षानुवर्षं तो ठोकळा हातोडी खात राहतो. मला तर हे अजूनही अद्भुत वाटतं.

अभियांत्रिकीच्या प्रदर्शनांत मुलं याच तत्त्वावर चालणाऱ्या बझरच्या पितळी चकत्या पाटीखाली चिकटवतात. पाय पडला की एलईडी लुकलुकतो. 2006 मध्ये टोकियो स्थानकाच्या फाटकांत तो प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला, 2009 मध्ये इस्रायलमध्ये थेट रस्त्यात.

आता हिशेब. ॲक्सलवर 10 टन भार धरा. त्याखाली रस्त्यात बसवलेली पट्टी एक मिलिमीटर दबली, तर तिच्यात फार तर 50 जूल साठतील. एक युनिट म्हणजे 36 लाख जूल. म्हणजे 72 हजार ॲक्सल गेले तर एका पट्टीतून एक युनिट, तेही काहीच वाया गेलं नाही तर. त्यात हे सिरॅमिक मिलिमीटरभर दबतच नाही, मायक्रॉनांत दबतं. याच साताऱ्यातल्या कोयना धरणावरची वीज योजना 1,960 मेगावॉटची. पूर्ण क्षमतेने चालली तर सेकंदाला 544 युनिटं देते.

शिवाय ही ऊर्जा फुकट नाही. पट्टी दबते तेव्हा गाडीला किंचित चढ लागतो आणि तो डिझेलमधूनच भरला जातो. खंबाटकी घाटाचा उतार किंवा टोलनाका, जिथे ब्रेक तापवून ऊर्जा वाया जातेच, तिथेच हा व्यवहार प्रामाणिक ठरेल. ठिसूळ सिरॅमिक, त्यातलं शिसं, पावसाळ्यात सांध्यांतून शिरणारं पाणी आणि दुरुस्तीसाठी पुन्हा उखडायचा रस्ता, हे सगळं निराळंच.

तरीही स्फटिकाला रस्त्यातून हाकलू नये. जगात कित्येक ठिकाणी क्वार्ट्झच्या पट्ट्या धावत्या ट्रकचं वजन मोजतात. वजन कळायला युनिट लागत नाही, इशाऱ्यापुरती वीज पुरते. कराडजवळ कृष्णा-कोयनेवरच्या पुलांवर अशा पट्ट्या बसवाव्यात; जादा भार कुठे येतो, पुलाचा कंप कधी बदलतो, हे त्यांनी नोंदवावं. आपल्या महाविद्यालयांतल्या मुलांनी पुढचा प्रकल्प एलईडीऐवजी हाच घ्यावा, आणि बांधकाम खात्याने त्यांना एक पूल मोजायला द्यावा.