एक खांब गेला तर?

२८ जुलै १९४५ रोजी दाट धुक्यात एक लष्करी विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर, ७९ व्या मजल्याशी, आदळले. १४ माणसे दगावली. विमानाचे एक इंजिन तर इमारतीतून आरपार गेले. पण १०२ मजल्यांचा तो पोलादी सांगाडा उभाच राहिला, आणि सोमवारी पुष्कळशा कचेऱ्या उघडल्यासुद्धा.

पोलाद बळकट म्हणून इमारत वाचली, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे. खांब कितीही जाड केला तरी त्याला पुरून उरणारा धक्का कल्पिता येतोच. आणि तळमजल्याच्या खांबावर विमान कशाला, भरलेली मालमोटारही आदळू शकते! म्हणून इंजिनियर वेगळेच विचारतो : हा खांब नाहीच असे धरले, तर त्याच्या डोक्यावरचे ओझे कोण घेईल? तुळया खांबांना व एकमेकींना घट्ट जखडलेल्या असतील, तर त्या झोळीसारख्या ओळंबतील, पण भार शेजारच्या खांबांकडे पोचवतील. तुळई नुसती टेकलेली असेल तर ती निसटणारच. सारी मदार सांध्यांवर.

लंडनच्या रोनन पॉइंट या इमारतीला सांगाडाच नव्हता. काँक्रीटच्या तयार भिंती एकीवर एक रचलेल्या. १६ मे १९६८ रोजी अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट होऊन एक भिंत उडाली. वरचे मजले निराधार होऊन पडले, त्यांच्या भाराने खालचेही. अख्खा कोपरा ढासळला. चौघे मेले. १९७० मध्ये ब्रिटनने पाच वा अधिक मजल्यांच्या इमारतींना ही परीक्षा सक्तीची केली. जो आधार गेल्यावर निभावत नाही, त्याने दर चौरस मीटरला ३४ किलोन्यूटन जादा दाब सोसला पाहिजे, असे ठरले.