पुरवठा-साखळीची सहनशक्ती : दोन अवधींचा हिशेब

मोटार ही एका कारखान्याची निर्मिती नसते. तिच्यामागे पुरवठादारांचे अनेक थर उभे असतात; उत्पादकाला मात्र त्यांतील लगतचा पहिला थर तेवढा नीट परिचित असतो. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य भागास भूकंप व त्सुनामी यांचा तडाखा बसला, तेव्हा या अपुऱ्या परिचयाची किंमत मोटार-उद्योगास मोजावी लागली. रेनेसास कंपनीचा नाका येथील कारखाना बंद पडला आणि तेथील इवल्याशा चिपांवाचून मोटारींचे उत्पादन खोळंबले.

अशा प्रसंगी आकडेवारीच्या विश्लेषणाने नेमके काय साधते? भूकंप केव्हा होईल हे सांगणे त्याचे कार्य नव्हे. डेव्हिड सिम्ची-लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ड कंपनीच्या सहकार्याने विकसित केलेली पद्धती मूळ प्रश्नच बदलते. कारण कोणतेही असो, पुरवठ्याचे एखादे केंद्र बंद पडल्यास ते पूर्ववत होण्यास लागणारा काळ म्हणजे ‘सावरण्याचा अवधी’. आणि त्या केंद्रावाचून, शिल्लक साठा व पर्यायी पुरवठा यांच्या बळावर मागणी भागविता येईल तो काळ म्हणजे ‘तग धरण्याचा अवधी’. पहिला बारा आठवड्यांचा व दुसरा दोन आठवड्यांचा असेल, तर दहा आठवड्यांची उणीव तेथे दडलेली आहे, असे समजावे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून असे दिसले की, वस्तूवरील खर्च आणि तिच्या अभावी होणारी हानी यांचा मेळ बसतोच असे नाही. अल्पमोलाचा भागही साऱ्या उत्पादनास अडवू शकतो.

टोयोटा कंपनीने २०११ नंतर पुरवठादारांच्या खालच्या थरांपर्यंतची माहिती संकलित केली, आणि पुरवठादारांनी चिपांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा बाळगावा, अशी व्यवस्था केली. त्यामुळे २०२१ च्या आरंभी चिपांच्या टंचाईने इतर कंपन्या अडखळल्या, तेव्हा ती टिकून राहिली. परंतु टंचाई लांबली, आग्नेय आशियातील कारखान्यांना करोनाच्या साथीने ग्रासले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात टोयोटालाही आपले नियोजित जागतिक उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी घटवावे लागले.

तात्पर्य, साठा संकट टाळीत नाही. तो केवळ अवधी मिळवून देतो. दीर्घ संकटात सावरण्याचा अवधी स्वतःच वाढत जातो. म्हणून हा हिशेब एकदा मांडून भागत नाही. तो पुनःपुन्हा तपासणे, आणि मिळालेल्या अवधीत पुरवठ्याचा दुसरा मार्ग उभा करणे, यातच विश्लेषणाची सार्थकता आहे.